सुरतेचा किल्ला नदीकडे तोंड करून का उभा आहे?

गोव्यात अलीकडे विजेवरच्या सायकलींवरून पर्यटकांना फिरवण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. पणजीच्या फोंतेन्यसमधून, दिवाडीच्या बांधांवरून आठ-दहा माणसांची रांग जाताना दिसते. पुढे एक वाटाड्या असतो, तो मधूनमधून थांबतो आणि एखाद्या घराची, चर्चची, देवळाची माहिती सांगतो. या सायकलीला आवाज नसल्यामुळे त्याचे बोलणे सगळ्यांना ऐकू येते. मोटार दाखवण्यासारखी जागा पटकन मागे टाकते आणि पायी चालणाऱ्याचा तासाभरात घाम निघतो. त्या दोन्हींच्या मधले हे वाहन इतिहास बघायला मोठे सोयीचे आहे.

अशीच सहल सुरतेच्या तापीकाठाने काढायची झाली तर? शहर सपाट आहे आणि उन्हाळा कडक आहे. किल्ल्यापासून समुद्रावरच्या डुमसपर्यंतचे अंतर वीसेक किलोमीटर भरते. म्हणजे बॅटरीची मदत हवीच. काठाने सलग रस्ता मात्र मिळणार नाही. पुराच्या भीतीने बांधलेल्या भिंतींमुळे नदी कित्येक ठिकाणी दिसतच नाही आणि दर थोड्या वेळाने गल्लीत वळावे लागते. तरीही हा मार्ग आपण गोवेकरांनी एकदा मनाने तरी फिरून बघावा असे मला वाटते. कारण सुरतेचा इतिहास ज्या आगींनी भरला आहे, त्यांतल्या काही गोव्याहून निघालेल्या आरमाराने लावल्या आणि काही मराठी घोडेस्वारांनी. आपण गोव्यातली मराठी वाचणारी माणसे या दोन्ही इतिहासांचे वारस आहोत. वाटाड्या जे सांगेल ते आपल्याला परक्यासारखे ऐकता येणार नाही.

सहलीची सुरुवात सिंगणपूर आणि रांदेर यांना जोडणाऱ्या कॉजवेवरून करू. हा बंधारा १९९५ सालचा. त्याच्या वरच्या अंगाला गोडे पाणी साठते आणि खालच्या अंगाला भरती-ओहोटीचे पाणी येते. खाजनातली मानस पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. पलीकडच्या काठावरचे रांदेर हे सुरतेपेक्षा जुने बंदर. अरबस्तानाशी आणि मलाक्क्याशी व्यापार करणारे मुसलमान सावकार तिथे राहत. अलीकडच्या काठावर सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी नावाच्या एका हिंदू अधिकाऱ्याने सुरत वाढवली. त्याने खोदलेला गोपी तलाव आजही आहे, महापालिकेने तो नव्याने बांधून काढला आहे. हा मलिक गोपी गुजरातच्या सुलतानाच्या दरबारातला वजनदार माणूस होता आणि पोर्तुगिजांशी जुळवून घ्यावे अशा मताचा होता. आफोंसो द आल्बुकेर्कशी त्याचा पत्रव्यवहार होता. म्हणजे १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला, त्याच सुमारास सुरतेचे भाग्य घडवणारा माणूस गोव्याच्या नव्या धन्याशी पत्रांतून बोलत होता.

ही दोस्ती सुरतेला वाचवू शकली नाही. पोर्तुगिजांनी १५१२, १५३० आणि १५३१ साली सुरत लुटली आणि जाळली. १५३० साली आंतोनियु द सिल्वैरा तापीतून वर आला, तेव्हा रांदेरही सुटले नाही. समुद्रावर ज्याने त्याने आमचा परवाना घ्यावा, आमच्या नाक्यावर जकात भरावी, हे पोर्तुगिजांचे धोरण होते. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. जी बंदरे हे धोरण मानत नव्हती, त्यांना आगीचा धाक दाखवला जाई.

आता सायकली चौक बाजाराकडे वळवू आणि किल्ल्यापाशी थांबू. सुलतान महमूद तिसरा याच्या हुकुमावरून हा किल्ला बांधला गेला. बांधणारा होता ख्वाजा सफर, किताब खुदावंद खान. काम १५४६ च्या सुमारास पुरे झाले असे मानतात. पोर्तुगीज बखरकार याच माणसाला 'कोजे सोफार' म्हणतात. त्याच १५४६ साली तो दीवच्या दुसऱ्या वेढ्यात पोर्तुगिजांशी लढताना तोफेचा गोळा लागून मेला. त्या वेढ्याच्या अखेरीस विजयी ठरलेला द्योंव ज्युआंव द कास्त्रु पुढे गोव्यात मोठ्या थाटाने मिरवला. तो मिरवणुकीचा प्रसंग आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत वाचायला मिळतो. मेलेल्या शत्रूने तापीकाठी काय उभे करून ठेवले होते, हे मात्र त्यांत क्वचितच येते.

किल्ला फार मोठा नाही. पण तो अगदी पाण्याला लागून आहे, भिंती जाडजूड आहेत आणि बुरुजांवरच्या तोफांचा रोख नदीवर आहे. हे बांधकाम होऊ नये म्हणून पोर्तुगिजांनी पैसा देऊ केला होता, अशी हकीकत फारसी तवारिखांत आहे. खरी असो वा रचलेली, किल्ला कोणाच्या भीतीने बांधला हे तिच्यावरून पुरते कळते. सुरतेला ज्या दिशेने मार बसला होता, त्या दिशेला तिने तोंड केले. गोव्याचे आरमार नसते तर हा किल्ला अशा जागी, अशा बेताने उभा राहिला नसता. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्याची दुरुस्ती करून आत संग्रहालय मांडले आहे.

१५७३ साली अकबराने सुमारे दीड महिना वेढा घालून हा किल्ला घेतला. त्याच वेळी पोर्तुगिजांचा वकील आंतोनियु काब्राल त्याला इथे भेटला. अकबर आणि गोवे सरकार यांचा संबंध इथून सुरू झाला. पुढे सातेक वर्षांनी गोव्याहून जेजुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला गेले, त्या प्रवासाचे बी या तापीकाठच्या भेटीत होते. पण अकबरासारख्या बादशहालाही समुद्रावर गोव्याचेच ऐकावे लागले. त्याची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली, ती पोर्तुगिजांच्या परवान्यापायी सुरतेत बरेच महिने अडकून पडली. तिचे जहाज हलले ते १५७६ साली. जमिनीवर ज्याच्या शब्दाला हिंदुस्थान हलत होता, त्याच्या घरच्या बाईला समुद्रावर जायला पोर्तुगीज अधिकाऱ्याची सही लागत होती!

किल्ल्यापासून थोडे पुढे गेले की मक्काई पूल लागतो. पूल आजचा आहे, नाव जुने. इथल्या घाटावरून हजचे यात्रेकरू होड्यांत बसत, म्हणून सुरतेला 'मक्केचा दरवाजा' म्हणत. यात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेली मुघल सराई जरा आत आहे. आज तिच्यात सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय भरते. त्या काळचा यात्रेकरू जिथे गाठोडे टेकत असे, तिथे आजचा सुरती माणूस घरपट्टी भरायला जातो.

आता मराठी वाचकाला ज्या गोष्टीची वाट आहे ती. जानेवारी १६६४. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून मुलूख धुऊन नेला होता. स्वराज्याची तिजोरी कोरडी होती आणि मोगलांची सर्वांत श्रीमंत पेठ सुरत होती. शिवाजी महाराज ६ जानेवारीला सुरतेबाहेर उधन्याजवळ येऊन थडकले. शहराचा सुभेदार इनायत खान आणि वीरजी व्होरा, हाजी सैद बेग यांच्यासारखे बडे सावकार यांनी येऊन खंडणी ठरवावी, असा निरोप त्यांनी पाठवला. इनायत खान आला नाही. तो किल्ल्यात जाऊन बसला आणि तहाच्या बोलण्याच्या मिषाने पाठवलेल्या माणसाकरवी त्याने महाराजांवर मारेकरी घातला. तो डाव फसला. चार दिवस लूट चालली, शहराचा मोठा भाग जळाला. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवून बसले. इंग्रजांचा प्रेसिडेंट तेव्हा सर जॉर्ज ऑक्झेंडन होता.

आणि किल्ला? त्याच्या तोफा वाजल्या, पण त्या गोळ्यांनी हल्लेखोरांपेक्षा शहराच्याच घरांचे जास्त नुकसान केले, असे इतिहासकार सांगतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाण्यावरच्या शत्रूसाठी बांधलेला किल्ला जमिनीवरून आलेल्या घोडदळापुढे निरुपयोगी ठरला. शहराभोवती होती ती मातीची भिंत. विटांची पक्की भिंत औरंगजेबाने बांधायला लावली ती या लुटीनंतर. ३ ऑक्टोबर १६७० रोजी महाराज पुन्हा आले आणि तीन दिवसांत दुसऱ्यांदा शहर लुटले. परतताना त्याच महिन्यात दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली आणि ती मराठ्यांनी जिंकली. 'सुरत बेसुरत केली' हा वाक्प्रचार आपल्याकडे या दोन स्वाऱ्यांवरूनच रूढ झाला.

इथे वाटाड्याची परीक्षा आहे. मराठी पाहुणे दिसले म्हणून त्याने नुसता पराक्रम सांगायचा का? गुजराती पाहुणे असले म्हणजे नुसती लूट सांगायची का? फ्रेंच प्रवासी बर्नियर याने कापुचिन पाद्री आंब्रोझच्या घराला महाराजांनी हात लावला नाही हे नोंदवले आहे. डचांचा एक दलाल दानधर्मासाठी प्रसिद्ध होता, त्याचे घरही वाचले, असे तो लिहितो. विशेष म्हणजे महाराजांचे एक जुने चरित्र पोर्तुगीज भाषेत आहे आणि त्याचा कर्ता कॉस्मे द गार्द हा स्वतःला मुरगावचा म्हणवतो. १६९५ साली लिहिलेले ते पुस्तक १७३० साली लिस्बनला छापले गेले. ज्या पोर्तुगिजांशी महाराजांचे कधी तह तर कधी चकमकी होत होत्या, त्यांच्या भाषेत, आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाने त्यांची थोरवी लिहावी, हे मला मोलाचे वाटते.

पण ज्याचे घर जळाले त्याचे काय? १५३० ची आग आणि १६६४ ची आग यांचे हेतू निराळे होते. पोर्तुगिजांना समुद्राचा मक्ता हवा होता. महाराजांना एका बलाढ्य बादशाहीशी झुंजणारे राज्य जगवायचे होते. हा फरक इतिहासकाराने सांगितलाच पाहिजे. मात्र घराचा वासा पेटताना पाहणाऱ्या सुरतेच्या कासाराला किंवा विणकराला तो फरक दिसला असेल असे मानणे कठीण आहे. हे समजायला आपल्याला सुरतेला जावे लागत नाही. १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, तेव्हा साष्टी-बारदेशच्या गावांनी जे भोगले त्याची आठवण तिथल्या घराण्यांत वेगळी आहे, आणि देवळे पाडली गेली म्हणून अंत्रुजात पळून आलेल्या घराण्यांची आठवण वेगळी आहे. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. एकाच घटनेच्या दोन आठवणी सांभाळत जगणे गोव्याच्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणून सुरतेच्या किल्ल्यापाशी उभे राहून दोन्ही गोष्टी ऐकण्याची ताकद आपल्यात इतरांपेक्षा जास्त असावी.

नदीपासून जरा दूर, कतारगाम दरवाज्याकडे एक फेरा मारणे आवश्यक आहे. तिथे इंग्रजांची आणि डचांची जुनी दफनभूमी आहे. मोठमोठे घुमट, कमानी, जवळजवळ मोगल मकबऱ्यांसारखी बांधणी. मेल्यावर तरी आपण नबाबापेक्षा कमी दिसू नये, असा त्या व्यापाऱ्यांचा हट्ट असावा. १६६४ ला वखार लढवणारा ऑक्झेंडन १६६९ साली वारला, तो इथेच भावाशेजारी निजला आहे. आणि डचांच्या बाजूला सर्वांत भव्य कबर आहे हेंड्रिक फान रेडे याची. तो १६९१ साली सुरतेकडे येताना जहाजावर वारला.

हा फान रेडे म्हणजे 'हॉर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेणारा डच अधिकारी. ग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली आम्स्टरडॅमला निघाला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोकणी वैद्य होते. गोव्यातून परागंदा होऊन दक्षिणेत गेलेल्या समाजातली ही माणसे. त्यांनी दिलेला दाखला नागरी लिपीत, कोकणी भाषेत, त्या खंडात छापला आहे. गोव्यात ज्या काळात आपल्या भाषांवर बंदीचे वरवंटे फिरत होते, त्याच काळात आपली अक्षरे आम्स्टरडॅमच्या छापखान्यात उमटली, आणि ती उमटवणारा माणूस सुरतेत पुरलेला आहे. मराठी-कोकणीचे वाद घालताना आपल्याला अनेक दाखले आठवतात. हा एक दाखला वाद बाजूला ठेवून नुसता पाहण्यासारखा आहे.

परत नदीवर येऊ. चौकातली अँड्र्यूज लायब्ररी १८५० सालची. त्याच्या थोडे आधी, १८४४ साली, दुर्गाराम मेहताजी आणि आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी सुरतेत 'मानवधर्म सभा' स्थापन केली. दादोबा तेव्हा इथल्या सरकारी शाळेत शिकवत होते. जातिभेद, जादूटोणा, अंधश्रद्धा यांवर या सभेत उघड चर्चा होत. पुढे १८४९ च्या सुमारास मुंबईत 'परमहंस सभा' निघाली, तिची तालीम सुरतेत झाली होती. सुरतेशी मराठी माणसाचे नाते केवळ तलवारीचे नव्हते, ते असे पाटी-पेन्सिलीचेही होते. आणि १९०७ सालच्या डिसेंबरात इथेच काँग्रेस फुटली! टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, गोंधळ झाला, एक मराठी जोडा भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. हाही सुरतेवरचा एक मराठी हल्लाच म्हणायचा.

मक्काई पुलावरून डच गार्डन, अठवा, उमरा, मगदल्ला करत डुमसला पोचायचे. वाळू काळी, समुद्र गढूळ, आणि टोमॅटोची भजी प्रसिद्ध. कळंगुटच्या सवयीने पाहणाऱ्याची निराशा होईल. पण तापीच्या मुखापलीकडे नजर टाकली की हजिऱ्याचे कारखाने दिसतात, आणि त्यांच्या पलीकडच्या किनाऱ्यावर आहे सुवाळी. तापीचे मुख गाळाने भरत असल्यामुळे मोठी जहाजे सुवाळीच्या खाडीसारख्या खोलगट पाण्यात नांगरत आणि माल होड्यांतून वा गाड्यांतून शहरात जाई. १६१२ साली टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाने इथे दोन जहाजांनिशी पोर्तुगिजांच्या मोठ्या ताफ्याला दाद दिली नाही. चिडलेल्या पोर्तुगिजांनी १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहिमी' हे जहाजच पकडले, आणि मोगल दरबार त्यांच्यावर उलटला. १६१५ च्या आरंभी तर व्हिसेरेय जेरोनिमु द आझेवेदु स्वतः गोव्याहून आरमार घेऊन आला. त्यालाही इंग्रज हटले नाहीत. त्या वाळूच्या दांड्याआड गोव्याचा समुद्रावरचा दरारा संपत चालला. आपल्या जुन्या गोव्याचे वैभव का ओसरले याची कारणे आपण महामाऱ्यांत, डचांच्या वेढ्यांत शोधतो. त्यांतले एक कारण सुवाळीच्या उथळ पाण्यात सापडते.

सुरतेवरही तीच पाळी आली. मुंबई बेट कंपनीला १६६८ साली मिळाले, आणि १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून तिकडे हलवले. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला. योगायोग पाहा, त्याच १७५९ साली गोव्याचा व्हिसेरेय ओस पडत चाललेले जुने गोवे सोडून पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. ज्या दोन शहरांनी एकमेकांना अडीचशे वर्षे पाण्यात पाहिले, त्यांचा सूर्य बरोबरच कलला.

मात्र जुने गोवे ओस पडले ते पडलेच. सुरतेचे तसे झाले नाही. १८३७ साली शहराला भीषण आग लागली आणि त्याच वर्षी पूर आला. १९९४ साली प्लेगच्या भीतीने लाखो माणसे शहर सोडून पळाली. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले असूनही २००६ च्या ऑगस्टमध्ये त्याच धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडवला. प्रत्येक वेळी सुरत चिखल झटकून उभी राहिली. बंदर गेले तर जरी आली, मग कापड आले, मग हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा आला. या उभे राहण्यात मराठी हातही आहेत. जिथे महाराजांच्या घोड्यांनी तळ दिला होता, त्या उधना आणि लिंबायत भागांत आज खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात, मागांवर काम करतात, आणि महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळा चालवते. भुसावळहून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे त्यांना इथे घेऊन आली.

म्हणून वाटते, सुरतेच्या सहलीचा शेवट डुमसच्या सूर्यास्तापाशी करू नये. सायकली वळवून उधन्याला न्याव्यात, बॅटरी उरली असेल तर! सुरतेला पाण्यावरून आलेल्यांची भीती वाटली, म्हणून तिने किल्ला बांधला. जमिनीवरून आलेल्यांची भीती वाटली, म्हणून भिंत बांधली. पण पोटासाठी आलेल्यांना तिने घरे दिली. मडगावहून गुजरातकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या सुरतेला थांबतात. त्यांतून दीव, सोमनाथ, द्वारका करायला जाणाऱ्यांनी एखादा दिवस तिथे उतरावे, आणि कोणी वाटाड्या भेटलाच, तर त्याला दोन्ही आगींची गोष्ट सांगायला लावावी.